दोन किलोच्या आत

मिरजेच्या डॉक्टरांनी डिस्चार्जच्या कागदावर
शेवटची ओळ स्वतःच्या हातानं लिहिली :
तीन महिने दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही.
खोकला आला तर उशी छातीशी धरायची.

उशी धरली. आणि हेमलताचा स्वयंपाकघरातला काटा
गुपचूप गॅरेजात नेला.
बारा-तेराचा पाना : पास.
कार्बोरेटर, गाळ धुऊन, एक किलो सातशे : पास.
स्टार्टर नापास. बॅटरीचं नावच नको.
हातोडी मी तोललीच नाही.

फियाट अठ्ठ्याहत्तरची, आमच्याकडं सत्त्याऐंशीत आली.
एकोणीसच्या महापुरात गावभागातलं पाणी
स्टेअरिंगपर्यंत चढलं आणि तिथंच बसून राहिलं.
भिंतीवर रेघ आहे अजून, मी रंग देऊ दिला नाही.
प्लगच्या भोकांतून कृष्णा आत शिरली
आणि जाताना पिस्टन सिलिंडरला चिकटवून गेली.

मुबारक मुलाणी म्हणाला, "मास्तर, हे सुटायचं न्हाय आता.
एस्टीमचं बसवू. कुपवाडला भंगारात आलीय एक,
मागनं ठोकलीय, इंजिन ठणठणीत."
गाडीत कोण होतं, ते मी विचारलं नाही.

भेटायला येणारा प्रत्येक जण तोच विनोद करायचा :
दोघांनाही नवं इंजिन!
हसलं की टाके ओढायचे, म्हणून हसायचो नाही.
शिवाय ते खोटं होतं. माझं इंजिन जुनंच,
फक्त पाइप बदललेत, तेही बाहेरून आणलेले नाहीत,
डाव्या पायातली शीर काढून वर जोडलीय.
मुबारकला पँट वर करून दाखवलं
तर तो टाक्यांची ओळ बघत राहिला,
कारागिरानं कारागिराचं काम बघावं तसा.
"हात चांगलाय," म्हणाला.

मी प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर उशी,
हुकूम सोडायचो. कुणी ऐकायचं नाही.
निलोफर, त्याची थोरली, आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला,
गाडीखालून ओरडायची, "काका, चौदाचा द्या,"
आणि मी चौदाचा द्यायचो.

चेनपुलीवर जुनं इंजिन वर आलं त्या दिवशी
बोनेटखाली वाकून बघितलं,
तर सरळ फरशी दिसली.
फरशीवर एक वाळलेली शिंपली.
इतका वेळ का उभा आहे, मलाच कळेना.
फाइलीत लिहिलंय : हृदय बंद, एकाहत्तर मिनिटं.
त्या एकाहत्तर मिनिटांत मी कुठं होतो
त्याला रकाना नाही.
"बसा की मास्तर," मुबारक म्हणाला.
बसलो.

पुढं सगळं मापाचं काम.
भरमू मगदूमनं लेथवर प्लेट कातली, अर्धा सूत चुकली,
दुसरीचे पैसे घेतले नाहीत.
शाफ्ट दोन इंच कापला.
आरटीओच्या अर्जावर कागद ठेवून पेन्सिल घासायची,
खालचा नंबर उमटतो.
ते मी केलं. पाच ग्रॅमचं काम.

बाराव्या आठवड्यात चावी फिरवली.
आधी नुसता धूर, मग एक फटाका.
निलोफरनं प्लगच्या दोन वायरी अदलाबदल केल्या
आणि ते चालू झालं,
गुळगुळीत, परकं, कुठंच अडखळेना.

बत्तीस वर्षं या गाडीची खरखर
हेमलताला कोपऱ्यावरनं कळायची,
मी दारात येईतो चहाचं आधण चढलेलं असायचं.
आता तिनं आतून विचारलं,
"कुणाची गाडी आली ओ?"

मुबारक माझ्याकडं बघायला लागला.
मला काही सुचेना. मी हॉर्न दाबला.
हॉर्न तेवढा जुना होता,
पुरात भिजल्यापासून घोगरा.

ती पिठाचे हात पुसत दारात आली.
गाडीकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं,
उशी कुठाय म्हणून विचारलं.
मग म्हणाली, "माझा काटा द्या आधी.
तीन महिने सगळं अंदाजानं चाललंय."